ईसीएमवर खापर फोडण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. गाडी १३ वर्षांची, पेट्रोल. दोन रात्री उभी राहिली की सकाळी सेल्फ जड फिरतो आणि त्याच वेळी एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागतात. दहा मिनिटं चालवली की त्यातले निम्मे आपोआप विझतात. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, एसी सगळं चालू असताना स्पीडोमीटरचा काटा दोनदा शून्यावर आपटला आणि स्टिअरिंग क्षणभर दगडासारखं झालं. उभ्या गाडीत सेंट्रल लॉकिंग मधूनच ‘कट्’ करून वाजतं. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. स्कॅनर लावला तर दोषांचे ११ कोड निघाले, त्यातले पी०५६२, यू०१०० आणि यू०१२१ तुम्ही लिहून ठेवलेत. एक मेकॅनिक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, दुसरा म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट मारा. यातलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारताय.

तूर्त दोघांचंही ऐकू नका. दोघं लबाड आहेत असं मी म्हणत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर जे दिसलं त्यावर त्यांनी बोट ठेवलं, एवढंच. पण तुमच्या वर्णनात मला पहिल्यांदा खटकली ती ‘एकदम’ ही गोष्ट. एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, वेगळं, स्टिअरिंगचं वेगळं, इंजिनचं वेगळं, समोरचं मीटर पॅनेल वेगळं. चार वेगवेगळी डोकी एकाच क्षणी फिरत नाहीत. फिरल्यासारखी वाटत असतील तर चौघांत सामाईक काय आहे ते शोधायचं. सामाईक गोष्टी तीनच: प्लसचा पुरवठा, अर्थिंग (म्हणजे करंटचा बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता), आणि आपसांत बोलायला दिलेल्या दोन वायरी. म्हणजे आधी सोडवायचा प्रश्न असा, की या मॉड्यूलना लागेल तेव्हा लागेल तेवढी स्वच्छ वीज मिळतेय का?

माझा अंदाज असा आहे की तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष एकत्र नांदतायत. एक रात्रभर बॅटरी पितोय. दुसरा लोड आला की, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की, व्होल्टेज पाडतोय. एकाने दुसऱ्यावर पांघरूण घातलंय, म्हणून बॅटरी बदलली की महिना-दोन महिने बरं वाटत असणार आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अंदाज चुकूही शकतो. गाडी समोर नाही, तिची वायरिंग पूर्वी कोणी उसवली आहे का ते माहीत नाही, आणि बाहेरून काय काय बसवलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून खाली तपासायचा क्रम देतोय आणि प्रत्येक ठिकाणी मी तसं का करतो ते सांगतोय.

सॉफ्टवेअरचं आधी बोलून टाकतो, कारण हल्ली कशालाही ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम’ म्हणायची पद्धत पडली आहे. ईसीएममधला प्रोग्रॅम दुधासारखा नासत नाही. १३ वर्षं जो प्रोग्रॅम बिनतक्रार चालला तो अचानक एके सकाळी वेगळं वागू लागला, तर मी प्रोग्रॅमवर शेवटी संशय घेतो. १३ वर्षांत बदलतं ते तांबं, सोल्डर, रबर आणि कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या, पिना. अपवाद आहेत. बॅटरी काढल्यावर पुसली जाणारी ‘शिकलेली’ मूल्यं असतात. कोणीतरी अर्धवट सोडलेलं प्रोग्रॅमिंग असतं. दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल कोडिंग न करता बसवलेलं असतं. यातलं काही तुमच्या गाडीत घडलंय का, हे आठवून पाहा. नसेल तर अपडेटने फार तर कोड पुसले जातील, दोन दिवस दिवे लागणार नाहीत आणि पैसे गेले ते गेले.

आता कोड. त्या ११ कोडांची पूर्ण यादी कागदावर उतरवून घ्या आणि ती होईपर्यंत कोणालाही पुसू देऊ नका. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, वेग काय होता याची टिपण. कोड पुसला की तीही जाते. मला गाडी मिळते तेव्हा बहुतेक वेळा आधीच्या दोन जणांनी कोड पुसलेले असतात, आणि मग चोर येऊन गेल्यावर घर झाडून घेतल्यासारखी अवस्था होते.

पी ने सुरू होणारे कोड इंजिन आणि गिअरबॉक्सचे, बी बॉडीचे, सी चासीचे, म्हणजे एबीएस-स्टिअरिंग वगैरेंचे, आणि यू म्हणजे मॉड्यूलचं आपसांतलं बोलणं तुटल्याचे. यू०१०० चा अर्थ इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला. यू०१२१ चा अर्थ एबीएसशी संपर्क तुटला. तुमच्या मेकॅनिकने बहुधा यू०१०० बघून ईसीएम गेला असं ठरवलं. पण फोन लागत नाही याचा अर्थ समोरचा माणूस मेला असा होत नाही. त्याच्या फोनची बॅटरी उतरली असेल. आणि तुमच्या यादीत पी०५६२ आहे, त्याचा अर्थच सिस्टीम व्होल्टेज कमी. अकरा साक्षीदारांपैकी एकाने सरळ सांगितलं होतं, त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

बॅटरीपासून सुरू करू. ‘नवीनच आहे’ हे कारण मी मानत नाही. दोन-चार वेळा पूर्ण उतरलेली नवी बॅटरी जुनीच समजायची. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडण्याआधी, शक्य असेल तर बोनेट आदल्या रात्रीच उघडं ठेवून, मल्टिमीटर बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव उरली. मग मीटर तसाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. १० च्या वर राहिला तर ठीक. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासायची आणि तरीही तसंच झालं तर बॅटरी संपली. एबीएस, स्टिअरिंग यांसारखी बहुतेक मॉड्यूल व्होल्टेज फार पडलं की चुकीचं काम करण्यापेक्षा हात वर करतात, कोड नोंदवतात आणि दिवा लावतात. सकाळी तुमच्या पॅनेलवर जी रोषणाई होते ती बहुधा अशी. पुढे गाडी चालली, चार्जिंग आलं, की त्यांचं समाधान होतं आणि दिवे विझतात.

इथे एक खाचखळगा आहे. समजा बॅटरीवर सेल्फ मारताना १०.५ व्होल्ट दिसले आणि तरीही सेल्फ जड फिरतोय. मग बॅटरी निर्दोष, आणि बहुधा वाटेत कोणीतरी व्होल्टेज खातंय. हा ‘वाटेतला चोर’ पकडायची पद्धत मला माझ्या उस्तादांनी पहिल्या वर्षी शिकवली आणि गेली २२ वर्षं मी तिच्यावरच पोट भरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक वायर तपासताना मीटर ओहमवर ठेवतात किंवा दिवा पेटतो का बघतात. दोन्हींनी फसायला होतं. जाड अर्थची केबल घ्या. तिच्यात २० तारा असतील आणि त्यातल्या १९ गंजून तुटल्या असतील, तरी मीटर ‘बीप’ करेल आणि व्होल्टेजही पुरेपूर १२ दाखवेल, कारण मीटरला नावापुरताच करंट लागतो. गणित करून बघा. जोडणीत फक्त ०.०२ ओहम अडथळा आला तर हेडलाइटच्या साडेचार अँपिअरला ०.०९ व्होल्टचा फरक पडतो, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. सेल्फचे १५० अँपिअर तिथून जायला लागले की तोच अडथळा ३ व्होल्ट खातो. आणि ०.०२ ओहम तुमचा साधा मीटर मोजूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाच त्याच्या दसपट असतो.

म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना, आणि ओहमऐवजी व्होल्ट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लक्षात घ्या, वरच्या क्लॅम्पवर ठेवू नका, खुद्द शिशाच्या खांबावर ठेवा. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलकट थर नसलेल्या जागी. आता सेल्फ मारायला सांगा. आदर्श स्थितीत आकडा शून्याजवळ राहायला हवा; ०.२ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थचा रस्ता खराब. मग लाल पिन एकेक टप्पा मागे आणायची: इंजिन, मग इंजिनवरचा बोल्ट, मग इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीचा कान, मग बॉडीवरचा बोल्ट, मग बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन टप्प्यांत आकडा उडी मारतो तिथे चोर. प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या मोठ्या नटापर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक समजायचं.

एक गाडी आठवते. तक्रार जवळपास तुमच्यासारखीच, फक्त शेवटी मालकाने जाता जाता एक वाक्य टाकलं, ‘आणि क्लच कडक झालाय.’ आधीच्या माणसाने क्लचची केबल बदलूनही झाली होती. मी सेल्फ चार-पाच वेळा मारायला लावला आणि क्लच केबलच्या बाहेरच्या नळीला हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी बाहेरून चकचकीत दिसत होती. कानाजवळचं रबर चाकूने चिरलं तर आतून हिरवी पूड पडली, तांबं उरलंच नव्हतं. सेल्फच्या करंटला बॅटरीकडे परत जायला रस्ता हवा, तो त्याने क्लचच्या केबलमधून शोधला होता. नवीन पट्टी लावली, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासला, आणि गाडीच्या ‘सॉफ्टवेअर’च्या चारही तक्रारी त्या दिवशी बंद झाल्या. क्लच केबल मात्र तिसऱ्यांदा घ्यावी लागली, आत वितळली होती.

तुमच्या पावसातल्या प्रसंगाकडे येऊ. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग हा गाडीतला मोठा खादाड. जागच्या जागी चाक वळवलं की काही क्षण दहा-वीस नाही, त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्यात एसीचा पंखा, वायपर, मागच्या काचेचा हीटर. अशा वेळी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा, पुरा पडत नसेल किंवा अर्थ अर्धवट असेल तर व्होल्टेज झटकन खाली जाणारच. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. काहीही चालू नसताना साधारण १३.८ ते १४.७ यायला हवेत. मग सगळा लोड चालू करा, इंजिन थोडं वाढवा. १३.५ च्या आसपास टिकलं तर बरं, १२.८ वर घसरलं तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा त्याची प्लस वायर यांत बघायचं. काही गाड्यांत अल्टरनेटरला ईसीएम हुकूम देतो आणि बॅटरी भरलेली असेल तर मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो, म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका, लोड टाकल्यावर वर येतं का ते बघा.

त्याच जागी मीटर एसी व्होल्टवर फिरवा (इथे एसी म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज, थंड हवेचा एसी नाही). हा भाग बरेच जण वगळतात. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो आणि आतले डायोड त्याचं डीसी करतात. एक डायोड गेला तर चार्जिंग जेमतेम चालू राहतं, पण डीसीवर एसीच्या लाटा स्वार होतात. चांगल्या अल्टरनेटरला हा आकडा ०.१ व्होल्टच्याही खाली असतो. अर्ध्या व्होल्टवर गेला तर डायोड गेलाच समजा. मॉड्यूलना अशी वीज म्हणजे सतत हलणाऱ्या जमिनीवर उभं राहून हिशेब लिहिण्यासारखं. शिवाय तोच फुटका डायोड गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा पाझरू देतो. तुमच्या दोन दोषांचा एकच धनी निघायची शक्यता असेल तर ती इथे. म्हणून रात्री बॅटरी पिणारा शोधण्याआधी ही एक मिनिटाची तपासणी करा.

आता रात्री बॅटरी कोण पितं ते. बंद गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत घ्यायला हवं. एवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, बॅटरी कित्येक दिवस तग धरते. ४०० मिलिअँपिअर जात असतील तर ३६ तासांत १४ पेक्षा जास्त अँपिअर-तास गेले, म्हणजे ४५ च्या बॅटरीतला जवळपास तिसरा हिस्सा. ती आधीच अर्धवट भरलेली असेल तर सकाळी सेल्फ जड फिरणारच.

मोजताना घाई नडते. चावी काढल्यावर मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. काहींना काही मिनिटं, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. दार उघडलं, रिमोट दाबला, की सगळी पुन्हा जागी. म्हणून दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॅच (दार अडकवणारी कडी) स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बंद करायचं, म्हणजे गाडीला दार बंदच वाटतं, आणि चावी गाडीपासून लांब ठेवायची. क्लॅम्प मीटर असेल तर, तो मिलिअँपिअर नीट दाखवणारा हवा, अर्थच्या केबलभोवती अडकवला की झालं. साधा मीटर मालिकेत जोडणार असाल तर तो जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर.

करंट जास्त निघाला तर लोक एकेक फ्यूज उपटायला लागतात. मी नाही करत. फ्यूज काढून परत लावला की ते मॉड्यूल जागं होतं आणि सगळा खेळ पहिल्यापासून. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये टेकवायचा. फ्यूजमधून करंट जात असेल तर एक-दोन, चार मिलिव्होल्ट दिसतात, जात नसेल तर शून्य. सगळा फ्यूज बॉक्स पाच मिनिटांत होतो आणि कोणाची झोपमोड होत नाही.

तुमच्या बाबतीत माझा संशय दारावर आहे, कारण तुम्ही लिहिलेलं ते ‘कट्’. सेंट्रल लॉकिंग आपणहून वाजतं म्हणजे बॉडी मॉड्यूलला कोणीतरी उठवतंय. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा, दार आणि खांब यांच्यामधलं नालीदार रबर खाली सरकवा आणि आतली एकेक वायर दोन बोटांत धरून हळूच ताणा. दार हजारो वेळा उघडून-मिटून इथलं तांबं आतल्या आत तुटतं, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. तुटलेली वायर रबरासारखी लांबते, चांगली लांबत नाही. डिकीच्या बिजागरीजवळही हेच. वायर ठीक असतील तर लॅचच्या आतला स्विच बघायचा: स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ‘दार उघडं / बंद’ असं दिसतं, दार बंद करून त्यावर बाहेरून थापट्या मारा आणि आकडा नाचतो का बघा.

तरीही त्याआधी स्वतःला विचारा, गाडीत बाहेरून काय बसवलंय? अलार्म, ट्रॅकर, डॅश कॅमेरा, मोठा स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा. माझ्याकडे बॅटरी उतरण्याच्या तक्रारीने येणाऱ्या जुन्या गाड्यांत मी सगळ्यात आधी डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड शोधतो. कंपनीच्या वायरिंगमध्ये असे हाताने गुंडाळलेले जोड नसतात. दिसले की तिथे कोणाचा तरी हात लागलाय.

दोन वायरींच्या बोलण्याबद्दल थोडं. ही कॅन पद्धत बॉशने १९८६ साली जगासमोर आणली. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ चा, म्हणजे स्कॅनर लावायचा, सॉकेट सक्तीचा झाला आणि २००८ पासून तिथे त्या सॉकेटवर कॅनही. तुमच्या १३ वर्षांच्या गाडीत ती असणार. बॅटरीची वायर काढून, काही मिनिटं थांबून, सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक समांतर असतात म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (शाखा-शाखांमधले निरोप पुढे पाठवणारं मॉड्यूल) असतो तिथे हा आकडा फक्त सॉकेटकडच्या शाखेबद्दल सांगतो, तेवढं लक्षात ठेवा. तुमचे यू कोड लोडच्या वेळीच येत असतील तर इथे काही सापडेल असं मला वाटत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे क्रम असा झाला: कोड उतरवा, रात्रभर विसावलेल्या बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरी आणि अर्थ, मग चार्जिंग डीसी आणि एसी, मग झोपलेल्या गाडीचा करंट, मग कॅन. यात ईसीएमला अजून कोणी हात लावलेला नाही, हे बघितलंत ना?

ईसीएम कधीच जात नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. वायपरखालच्या जाळीतली पाण्याची नळी पानांनी तुंबते, पाणी आत येतं आणि ईसीएमच्या कपलरमध्ये शिरतं. आतले कपॅसिटर म्हातारे होतात. सोल्डरला केसाएवढी चीर जाते आणि गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू. (यातलं शेवटचं लक्षण क्रँक सेन्सरही, म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणारा सेन्सरही, हुबेहूब दाखवतो आणि तो फार स्वस्तात बदलता येतो, म्हणून आधी तो.) ईसीएमला दोषी ठरवायची माझी अट एकच: त्याच्या कपलरवर लोडसकट प्लस आणि अर्थ पक्के मिळतायत, सेन्सरकडून माहिती बरोबर येतेय आणि तरीही त्याच्याकडून हुकूम सुटत नाही. लोड म्हणजे तिथे ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडून बघायचा, तो पूर्ण पेटला पाहिजे. मात्र हे फक्त मुख्य प्लस आणि अर्थच्या पिनांवर, आणि ईसीएमचा कपलर काढून ठेवून. सेन्सरच्या वायरीला बल्ब लावलात तर चांगला ईसीएम खरोखर घालवाल.

ही अट मी शहाणपणाने घातलेली नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एका गाडीत सेन्सरना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा दीडवर आला होता. चार सेन्सरचे कोड, गाडी बंद. मी खापर ईसीएमवर फोडलं, जुना पण चांगला शोधून आणला, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) जुळवायला अर्धा दिवस घालवला, आणि मालकासमोर चावी फिरवली तर पुन्हा तेच चार कोड. मग शहाण्यासारखं एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो. तिसरा काढला आणि मीटरवर आकडा टप्पकन ५ वर. एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला होता आणि त्याच वायरवरच्या बाकी सगळ्यांना घेऊन बुडाला होता. ईसीएमचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.

ईसीएम बदलायची वेळ आलीच तर आधी विचारून घ्या, जुन्यातला डेटा नव्यात उतरवणार आहेत का आणि चावीचं जुळवणं कोण करणार. नुसता डबा बदलून बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत. अपडेट करायचं ठरलं तर प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडलेला हवा. तुमच्या आत्ताच्या बॅटरीवर अपडेट मारायला गेले आणि मधेच व्होल्टेज पडलं, तर आजवर चांगला असलेला ईसीएम त्या दिवशी जाऊ शकतो. बॅटरी काढून लावल्यावर आयडलिंग थोडं वरखाली होणं, खिडकीची ऑटो सुविधा बंद पडणं, स्टिअरिंगचा दिवा लागणं हे बऱ्याच गाड्यांत होतं. ते पुन्हा शिकवावं लागतं. त्याला नवीन बिघाड समजून घाबरू नका.

दोन ताकिदी. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, कधीच. आणि वायरीला टाचणी टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने तीच वायर हिरवी होते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा.

तुमच्याकडे मीटर असेल तर मला पाच आकडे द्या: सकाळचं विसावलेलं व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरीवरचं, सेल्फ मारतानाच मायनस खांब ते इंजिन, आणि सगळा लोड चालू असताना बॅटरीवरचं डीसी व एसी दोन्ही. तिसरा आकडा घेताना इंजिन थंड होतं की गरम तेही लिहा, आणि दुसऱ्या मेकॅनिकने कोड पुसले असतील तर तेही.